लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक ६०० किलोमीटरवरून घरी कसा आणावा? सल्ला हवा आहे

रानवाट:
नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांची इच्छा होती, ती गेल्या आठवड्यात पूर्ण झाली. अमेरिकी बनावटीचा एम३५ए२, म्हणजे तो सुप्रसिद्ध अडीच टनी, दहा टायरांचा ट्रक मला जादा लष्करी साठ्याच्या लिलावात मिळाला. इंजिन मल्टिफ्युएल, म्हणजे डिझेलखेरीज इतर इंधनांवरही चालणारे, आहे आणि ते सुरू होते, एवढे नोंदीत लिहिलेले आहे. गाडी किती काळ उभी होती आणि ब्रेक कोणत्या अवस्थेत आहेत, याबद्दल मात्र एक अक्षरही नाही. यार्ड घरापासून ६०० किलोमीटरवर आहे आणि ठरलेल्या मुदतीत गाडी उचलावी लागणार आहे. स्वतः चालवत आणावी, टोचन लावून आणावी, की लो-बेड, म्हणजे कमी उंचीच्या तळाच्या, ट्रेलरवर चढवावी, याचा निर्णय होत नाही. जड वाहन चालवण्याचा परवाना आणि सराव माझ्याकडे आहे, पण लष्करी गाडी कधी हाताळलेली नाही. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लोखंडी धुरा:
सर्वप्रथम मनःपूर्वक अभिनंदन. हा ट्रक नीट राखला तर तुमच्यानंतरच्या पिढीलाही चालवता येईल. परंतु पहिल्याच दिवशी ६०० किलोमीटर चालवत आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे कारण ब्रेक हे आहे. या ट्रकचे ब्रेक हवेच्या साहाय्याने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक आहेत आणि सगळ्या चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा मुख्य पंप), एकाच सर्किटवर चालतात. आजच्या गाड्यांत पुढचे आणि मागचे सर्किट वेगळे असते, त्यामुळे एक गेले तरी दुसरे उरते. येथे कोणत्याही एका चाकाजवळचा रबरी पाइप फुटला, की संपूर्ण पेडल खाली जाते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पहिल्या ट्रकच्या वेळी विकणाऱ्याने गाडी रस्त्यावर चालण्याजोगी असल्याचे तोंडी सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. सुमारे ९० किलोमीटर सर्व सुरळीत होते. नंतर एका उताराच्या सुरुवातीला पेडल दाबले ते थेट फळीला टेकले. वेग कमी होता आणि गाडी खालच्या गिअरमध्ये होती, म्हणून हँडब्रेक ओढून ती कडेला थांबवता आली. खाली वाकून पाहिले, तर मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने टायरवर जांभळट द्रवाचे ओघळ आले होते आणि त्यांवर धूळ चिकटून पट्टे तयार झाले होते. त्यांतले काही पट्टे वाळून घट्ट झालेले होते, म्हणजे गळती जुनीच होती. निघण्यापूर्वी टॉर्च घेऊन दोन मिनिटे गाडीखाली पाहिले असते, तर ती मला दिसली असती.

तो जांभळा रंग लक्षात ठेवा. अमेरिकी लष्कराने या गाड्यांत सिलिकॉनचे ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ५, भरलेले असते. त्यात दुकानात सहज मिळणारे डॉट ३ किंवा डॉट ४ ओतू नये, कारण ही दोन्ही तेले एकमेकांत मिसळत नाहीत.

चाकोरी:
वरील प्रतिसादातील ब्रेकविषयीचा प्रत्येक शब्द मला मान्य आहे, तरीही चालवत आणणे अशक्य आहे असे मी म्हणणार नाही. मी तसे केले आहे, पण त्यासाठी यार्डाजवळच्या एका शेडमध्ये दोन पूर्ण दिवस तयारी केली होती. ज्यांना ते दोन दिवस देणे शक्य नाही, त्यांनी हा विचार सोडून द्यावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी ते बंद कसे होते ते समजून घ्या. या गाडीला किल्ली नाही. स्विच चालू करायचा आणि स्टार्टर दाबायचा. स्विच बंद केला तरी इंजिन चालूच राहते, ते थांबवण्यासाठी डॅशबोर्डवरची स्टॉप केबल ओढावी लागते. गाडी वर्षानुवर्षे उभी असेल तर ही केबल गंजून अडकलेली असू शकते, म्हणून आधी ती हाताने ओढून मोकळी हलते का ते पाहावे आणि मगच स्टार्टरला हात लावावा. विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची आहे, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. साध्या मोटारीवरून केबल लावून ती सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

दिव्यांच्या बाबतीत नवा माणूस हमखास फसतो. स्विचला तीन दांड्या असतात आणि मुख्य दांडी पुढे सरकवण्यासाठी कुलपाची छोटी दांडी उचलून धरावी लागते. दिवसा चालवतानाही मुख्य दांडी ‘स्टॉप लाइट’ या खुणेवर आणावी लागते, नाहीतर ब्रेक दाबूनही मागचा दिवा पेटत नाही आणि मागून येणाऱ्याला काहीच कळत नाही.

हवेच्या टाक्यांखालचे कॉक उघडून साचलेले पाणी काढा, डिझेलचे सर्व फिल्टर बदला आणि हवा भरल्यावर इंजिन बंद करून हवेच्या दाबाचा काटा किती वेगाने खाली येतो ते घड्याळ लावून पाहा. दाब ६० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजण्याचे एकक) खाली गेला की धोक्याचा बझर वाजला पाहिजे. वाजला नाही, तर तो दुरुस्त झाल्याशिवाय निघू नका. कागदोपत्री कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास आहे, परंतु मी ७० च्या वर गेलो नाही आणि दर तासाला थांबून प्रत्येक हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावून पाहत होतो. एक हब इतरांपेक्षा जास्त तापला असेल, तर तेथे ब्रेक चिकटतो आहे किंवा बेअरिंग कोरडे पडले आहे असे समजावे.

लोखंडी धुरा:
टायरांचे राहिले होते. नक्षी खोल दिसते म्हणून फसू नका. लष्करी गाड्या कमी चालतात आणि त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूवरच्या तारखेच्या कोडमध्ये चारऐवजी तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि त्यावर भरवेगात विसंबू नये. चाके लॉक रिंगची, म्हणजे टायर जागेवर धरणारी वेगळी लोखंडी कडी असलेली, आहेत, म्हणून पूर्ण बसलेल्या टायरमध्ये रस्त्याच्या कडेला हवा भरू नये. रिंग निसटली तर माणूस जिवानिशी जातो, हे काम हवा भरताना चाक ठेवायचा लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच करून घ्यावे. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असतात, हेही ध्यानात असू द्या. ते ठाऊक नसल्यामुळे पान्याला लांब पाइप लावून स्टड तोडलेले मी पाहिले आहेत.

भारवाह:
मी जड यंत्रे वाहून नेण्याचे काम करतो, म्हणून ट्रेलरच्या बाजूने लिहितो. अवस्था माहीत नसलेल्या गाडीसाठी ६०० किलोमीटरवर लो-बेड हाच योग्य मार्ग आहे. ट्रक रिकामा असताना सुमारे ५.९ टन भरतो. कमानी आणि ताडपत्रीसह त्याची उंची सुमारे २.८ मीटर होते. ट्रेलरचा तळ एक मीटरवर असेल तर एकूण ३.८ मीटर झाले आणि अनेक देशांत मर्यादा चार मीटरच्या आसपास असते. हौद्यावरच्या कमानी व ताडपत्री उतरवून हौद्यातच बांधून ठेवावी, केबिनचे कापडी छतही काढावे आणि ट्रेलरवाल्याला अंदाज न सांगता मोजलेला आकडा द्यावा.

बांधताना साखळदंड चासीला न लावता धुऱ्यांना लावावेत. चासीला बांधले तर पाटे दबतात आणि उसळतात, त्यामुळे घट्ट बांधलेली साखळीही थोड्या वेळात सैल होते. किमान चार साखळदंड, दोन पुढे ओढणारे आणि दोन मागे ओढणारे, आणि पहिल्या ८० किलोमीटरच्या आत थांबून ते पुन्हा आवळणे, यात तडजोड नको.

टोचनाची शिफारस मी करणार नाही. लांब अंतरासाठी ट्रान्सफर केसपासून (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारी गिअरपेटी) पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांकडे जाणारे शाफ्ट काढावे लागतात. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागेच असल्यामुळे मागचा शाफ्ट काढला, की हँडब्रेक चाकांना धरतच नाही.

गाडी ताब्यात घेताना चासीवरचा क्रमांक, केबिनमधली धातूची पट्टी आणि विक्रीचा कागद हे तिन्ही जुळवून पाहा; विमा गाडी यार्डाच्या फाटकाबाहेर पडण्यापूर्वी सुरू झालेला असावा.

रानवाट:
सर्वांचे मनापासून आभार. ट्रेलरच ठरवतो. मात्र एक अडचण आहे: घराकडचा शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता अरुंद आणि उताराचा आहे, तेथे ट्रेलर वळणार नाही. म्हणजे तेवढे अंतर गाडी स्वतःच्या चाकांवर आणावी लागेल. ब्रेकची खात्री नसताना हे कसे करावे?

चाकोरी:
ट्रेलर थांबेल ती जागा सपाट निवडा आणि उतरवल्यावर लगेच उताराकडे निघू नका. त्याच सपाट जागेवर चालण्याच्या वेगाने दहा वेळा ब्रेक दाबून पाहा, पाच मिनिटे पेडल दाबून धरा आणि ते हळूहळू खाली जाते का ते पाहा. गेले, तर गाडी तेथेच ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा. टिकले, तर ट्रान्सफर केस लो रेंजमध्ये टाकून पहिल्या गिअरमध्ये निघा. तेव्हा इंजिनच गाडीला धरून ठेवते. वाटेत कोठेही क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नका. चाकाखाली घालायचे लाकडी ठोकळे घेतलेला माणूस गाडीपुढे नव्हे, तर बाजूने चालला पाहिजे.

भारवाह:
त्याआधी, साखळदंड सोडण्यापूर्वीच, हँडब्रेक तपासून घ्या. दांडीच्या टोकाला फिरवण्याची गुंडी असते. दांडी खाली असताना ती उजवीकडे फिरवत जा आणि मग दांडी ओढून पाहा. ओढताना बऱ्यापैकी जोर लागला, तरच ब्रेक धरतो आहे असे समजावे. सहज वर आली, तर आणखी फिरवा.