कॉलेजची रील टीम: पोरांना पैसे द्यायचे की नुसतं सर्टिफिकेट?

ओझरचा_वारा: काल इथे एका मार्केटिंगवाल्या दादाने लिहिलं की कॉलेजांनी एजन्सीवर पैसे उडवू नयेत, आठ-दहा पोरांची कंटेंट टीम करावी, फोन त्यांचाच, ट्रेंड त्यांना कळतात, वर्षाअखेरीस सर्टिफिकेट दिलं की पोरं खुश. खाली सगळे वा वा करत होते म्हणून वेगळा धागा काढला. मी होतो अशा टीममध्ये, नाशिकच्या गंगापूर रोडच्या पट्ट्यातलं कॉलेज, नाव घेत नाही. गॅदरिंगच्या आठवड्यात लेक्चर बुडवून शूट, कारण एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, स्वतः म्हणाले "जा रे, अटेंडन्सचं मी बघतो". रात्री एडिटिंग माझ्या लॅपटॉपवर, तो इतका तापायचा की खाली स्टीलचं ताट ठेवायचो. सेमिस्टर संपताना डिफॉल्टर लिस्ट लागली, ७५ टक्के हजेरीच्या खाली आमची अर्धी टीम, आणि खाली सही त्याच एचओडींची. बाबांना बोलावून हमीपत्र लिहून घेतलं, आणि ऑफिसबाहेरच्या स्क्रीनवर तेव्हा मी केलेलीच रील चालू होती. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलंय ते वेगळंच. फुकट राबवून घ्यायचं आणि त्याला एक्स्पोजर म्हणायचं, बास झालं आता.

कंटेंट_दादा: ती पोस्ट माझीच. तुझ्याबरोबर झालं ते वाईटच, पण एका एचओडीपायी कल्पनाच बाद करायची का? एजन्सीचं काम मी आतून बघितलंय, एकच टेम्प्लेट बिल्डरला, तेच दातांच्या दवाखान्याला, तेच कॉलेजला, फक्त लोगो बदलायचा. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा लेथ चालवणाऱ्या पोरीचा चेहरा त्यांना कधी दिसणारच नाही, ते अकराला येतात, बिल्डिंगचे फोटो काढतात आणि मिसळ खाऊन जातात. टीम नीट बांधली तर चालते. एक लिहिणारा, दोघं शूटला, एक एडिटिंगला, एक मेसेजना उत्तरं द्यायला, आणि मंजुरी देणारा एकच शिक्षक, सात जणांची कमिटी नको. सेकंड इयरची पोरं घ्या, फायनलवाले प्लेसमेंटच्या मागे लागले की गायब.

खडूवाले_सर: सगळं सांगितलंत, पैशाचं तेवढं गाळलंत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने 'कमवा आणि शिका' चालते ना? लायब्ररीत पुस्तकं लावणाऱ्या पोराला तासाचे पैसे मिळतात, मग एडिटिंगला रात्र घालवणाऱ्याला का नाही? आणि रीलमुळे ॲडमिशन होतात हे डोक्यातून काढा. मे-जूनच्या उन्हात आम्ही मास्तर लोक सिन्नर, दिंडोरी, कळवण पालथं घालतो, बारावीच्या पोरांच्या याद्या घेऊन घरोघरी फोन करतो, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजला ग्रेड देणाऱ्यांच्या, फायली आहेतच. त्याची रील कोणी काढत नाही.

कंटेंट_दादा: सर, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्याचा वेगळा धागा काढा.

खडूवाले_सर: काढतो. सर्टिफिकेट द्याल ना?

अपडाऊन_निफाड: पैशाचं नंतर भांडा, टीममध्ये घेतात कोणाला ते आधी बोला. शूट कायम पाचनंतर, का तर लाईट भारी असतो. पाचनंतर मी सीबीएस स्टँडवर गाडीची वाट बघत उभी असते. ऑडिशन देऊन सिलेक्ट झाले होते, शूट सोडून लवकर निघावं लागलं तर ग्रुपमधून काढलं, "कमिटमेंट नाही" म्हणे. मग पेजवर सगळे चेहरे कॉलेज रोड नाहीतर इंदिरानगरचे, बोलणं हिंदी-इंग्लिश, हातात कॉफी. पिंपळगाव, चांदवडहून रोज अपडाऊन करणारे आम्ही कुठे आहोत?

सोमेश्वर_बॉय: अगं पण गोल्डन अवर पाचनंतरच असतो, त्याला कॉलेज काय करणार. ज्याला खरंच करायचं असतं तो रूम घेऊन राहतो.

अपडाऊन_निफाड: रूम घेऊन राहतो??? भाडं तू भरतोस का? अवकाळी पावसात आमच्या द्राक्षबागेतले मणी तडकले, त्या साली पप्पांनी फी भरली हेच खूप. आणि डिसेंबरात साडेसातला कॅम्पसवर तुमच्या गोल्डन अवरसारखंच ऊन असतं, मी तेव्हा गेटवर असते, तुम्ही गादीत.

सोमेश्वर_बॉय: इमोशनल नको करू यार. हिंदीत केलं की रीच जास्त मिळते, हे फॅक्ट आहे.

अपडाऊन_निफाड: रीच कुठे, लखनौला? तिकडची पोरं येणारेत का आपल्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारी ॲडमिशन फेरीला? ग्रुपमधून काढल्यावर मी ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायच्या फॉर्मवर, एक व्हिडिओ केला, ओट्यावर फोन टेकवून, मागे कुकरच्या शिट्ट्या. सरळ मराठीत सांगितलं की पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर सीट फ्रीझ होते, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही, तेव्हा मैत्रिणीचं बघून एक नंबरला काहीही टाकू नका. आजूबाजूच्या गावांतल्या ग्रुपवर फिरला तो. मग कॉलेजवाले आले, आमचा लोगो लावून टाकतो म्हणाले. नाही दिला.

सोमेश्वर_बॉय: ओके ताई, तुम्ही ग्रेट, आम्ही कॉफी पिणारे.

ओझरचा_वारा: तू शांत बस रे. तिच्या एका व्हिडिओत जेवढी माहिती आहे तेवढी तुमच्या अख्ख्या पेजवर नसेल.

दोन_पोरींची_आई: मध्ये बोलते, माफ करा. आम्हा पालकांना नाच बघून काय कळणार? जुलै २०२४ च्या जीआरने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ झाली, पण ॲडमिशन कॅपमधून हवी, मॅनेजमेंट कोट्याला ते नाही. हे मला एका सायबर कॅफेवाल्याने सांगितलं. कॉलेजच्या पेजवर विचारलं होतं, उत्तरात लाल बदाम आला. धाकटी अकरावीत आहे, तिचा फोटो न विचारता "ॲडमिशन ओपन"वर छापला. २०२३ च्या डेटा कायद्यात १८ च्या खालच्यांसाठी पालकांची संमती सांगितलीय. कोचिंग क्लासवाल्यांना तर नोव्हेंबर २०२४ पासून निकालानंतर लेखी संमती घेतल्याशिवाय पोरांचा फोटो वापरता येत नाही. कॉलेजवाले वेगळ्या मातीचे आहेत का?

कंटेंट_दादा: बरं. बदामवाल्याला ट्रेनिंग, संमतीचा फॉर्म, शूट सकाळी, घेतलं लिहून. खुश? पण मानधन मागाल तर मॅनेजमेंट टीमच बंद करेल, हे अनुभवाने सांगतो.

ओझरचा_वारा: करू दे बंद. द्वारका चौकात फ्लेक्स लटकवायला पैसे असतात, पोरांना द्यायची वेळ आली की बजेट नाही.

खडूवाले_सर: फ्लेक्सवर चेअरमनचा फोटो असतो बाळा, रीलवर नसतो.

माजी_ॲडमिन: एक शंका, विषय थोडा वेगळा आहे. आमच्या कॉलेजचं इन्स्टा अजून माझ्याच मोबाईल नंबरवर आहे. मी पास होऊन हिंजवडीला नोकरीला लागलो, तरी ऐन ॲडमिशनच्या दिवसांत रात्री साडेअकराला फोन येतो, "ओटीपी सांग रे लवकर". ओटीपीचं मानधन मागता येईल का?

खडूवाले_सर: आधी जीपे कर म्हण, मग ओटीपी.

कंटेंट_दादा: असलं काही करू नका. रिकव्हरी ईमेल कॉलेजचा टाका आणि अकाउंट रीतसर सोपवून मोकळे व्हा.

माजी_ॲडमिन: ईमेल आमच्या बॅचच्या एकाचा आहे दादा. तो जर्मनीला गेलाय आणि कॉलेजचा फोन दिसला की उचलत नाही.