ड्रेस्डेनच्या राजवाड्यातले जडजवाहीर: दोन्ही ग्रीन व्हॉल्ट एका दिवसात होतील का?

नंदनवनकर: मुलगी जर्मनीत ड्रेस्डेनला शिकते. सप्टेंबरात नागपूरहून आम्ही दोघं आणि आई तिकडे जातोय. तिथल्या राजवाड्यातली ग्रीन व्हॉल्ट, म्हणजे राजघराण्याच्या खजिन्याची संग्रहालयं, दोन दिसतात, तिकिटंही वेगवेगळी. दोन्ही घ्यावीत का? आईला फार वेळ उभं राहवत नाही.

गिट्टीखदान: दोन्ही घ्या. तळमजल्यावरचा ‘हिस्टॉरिक’ म्हणजे सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस द स्ट्राँग याने १७२३ पासून सजवून घेतलेली दालनं, वरचा ‘न्यू’ म्हणजे आधुनिक काचपेट्या. हिस्टॉरिकच्या तिकिटावर वेळ असते आणि त्याच वेळेला आत सोडतात, म्हणून ते इथूनच ऑनलाइन काढा. मंगळवारी राजवाडा बंद असतो. आपलं नागपूरचं संग्रहालय, अजबबंगला, सोमवारी बंद, त्या सवयीने बेत आखू नका.

अर्धा तास आधी पोहोचा. बॅग, छत्री, जाड कोट जमा करावे लागतात. मग धूळ अडवणाऱ्या दुहेरी दारातून थोडेथोडेच लोक आत जातात, कारण आत पुष्कळ वस्तू काचेविना, आरशांच्या भिंतींपुढे मांडल्या आहेत. फोटो काढू देत नाहीत. दागिन्यांचं दालन बरंच शेवटी येतं, तेव्हा हस्तिदंत आणि चांदीपाशीच आईंचा दम संपू देऊ नका. सकाळी हिस्टॉरिक, मग जेवण आणि विश्रांती, दुपारी न्यू.

इतवारी_सराफा: त्या दालनात बहुतेक दागिने राजाने स्वतः घालायचे आहेत: बटणं, टोपीचा तुरा, बुटांची बकलं, तलवार, सगळं एका घडणीचं. ‘रोझ कट’ आणि ‘ब्रिलियंट’ (हिऱ्याला पैलू पाडायच्या दोन पद्धती) हे दोन संच शेजारीशेजारी ताडून बघाच. रोझ कटचा तळ सपाट असतो. ब्रिलियंटसारखा तो उजेड खालून परत फेकत नाही, म्हणून कोंदण मागून बंद करून आत चकाकता पातळ पत्रा घालायचे. आपल्या पोलकीतही (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांच्या दागिन्यांत) तेच तंत्र. त्या पत्र्याला ओल लागली की खडा मंद दिसतो. कोंदण चांदीचं, कारण सोन्याची पिवळी झाक पांढऱ्या हिऱ्यात उतरते. समोर खिळून उभं राहू नका. एक पाऊल डावी-उजवीकडे सरकलात की पैलू पेटतात.

नंदनवनकर: चोरी झाली होती ना? मग आता तिथे काय उरलंय?

इतवारी_सराफा: २५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे याच दालनातून चोरी झाली. बहुतेक ऐवज डिसेंबर २०२२ मध्ये परत मिळाला आणि ऑगस्ट २०२४ पासून पुन्हा मांडलाय. ‘सॅक्सन व्हाइट’ हा मोठा हिरा असलेला खांद्यावरचा दागिना मात्र सापडलेला नाही. ४१ कॅरेटचा हिरवा हिरा तेव्हा न्यूयॉर्कला प्रदर्शनात होता, म्हणून वाचला. तो ‘न्यू’मध्ये आहे. त्याचा रंग नैसर्गिक किरणोत्सारामुळे आलेला.

महालवाला: बाप्पा, ‘न्यू’मधला औरंगजेबाचा दरबार, म्हणजे छोट्या मूर्तींचा रत्नजडित देखावा, कोणीच कसा नाही सांगितला! डिंगलिंगर या सोनाराने भावांसोबत १७०१ ते १७०८ मध्ये तो घडवला. बादशहाचा वाढदिवस, नजराणे घेऊन येणारे सरदार, शंभराहून जास्त मीनाकारीच्या मूर्ती आणि सुमारे पाच हजार हिरे. कारागिरांनी हिंदुस्थान पाहिलाच नव्हता. प्रवासवर्णनं वाचून घडवलं, म्हणून मधेच चिनी धाटणीही दिसते. तिकडे हा दरबार घडत होता तेव्हा खरा औरंगजेब दख्खनेत मराठ्यांशी झुंजत छावण्यांत राहत होता, आणि काम पुरं व्हायच्या आधीच, १७०७ मध्ये, नगरजवळ वारला.

यासाठी किमान वीस मिनिटं ठेवा. आधी सिंहासन, मग पायऱ्या, मग कडेचे नजराणे, अशी नजर खाली आणा. एकदम सगळं पाहायला गेलं की काहीच हाती लागत नाही. त्याच मजल्यावर चेरीच्या बीवर कोरलेले चेहरे आहेत, ते भिंगातून बघा.