शब्दचर्चा : गोधडीला फ्लीसचे ‘अस्तर’, ‘पाठ’ की ‘लोकरी अस्तर’?

विचारणा

कॅनडात आमच्या परिसरातील काही मराठी भगिनी घरी गोधड्या शिवतात. वरची बाजू सुती तुकडे जोडून तयार करतात आणि खाली फ्लीस हे मऊ, लव असलेले कापड लावतात. फ्लीसची ऊब पुरेशी असल्यामुळे मध्ये वेगळा भरणा घालावा लागत नाही. या पद्धतीची कृती मराठीत लिहिताना मला तीन प्रश्न पडले. खालच्या कापडाला ‘अस्तर’ म्हणणे योग्य आहे का? फ्लीससाठी इंग्रजी-मराठी कोशात ‘लोकर’ हा अर्थ मिळतो, तो येथे चालेल का? आणि पोटात काहीच नसलेल्या या दुपदरी पांघरुणाला गोधडी म्हणावे का?

प्रतिसाद १

‘लोकर’ हा शब्द येथे अजिबात वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीत ‘फ्लीस’ म्हणजे मुळात मेंढीच्या अंगावरून कातरून काढलेली लोकर, आणि तेवढ्यापुरता कोशातला अर्थ बरोबरच आहे. पण दुकानात आज ज्याला फ्लीस म्हणतात ते १९८०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील माल्डन मिल्स या गिरणीने लोकरीला पर्याय म्हणून पुढे आणलेले पॉलिएस्टरचे कापड आहे. त्याची वीण बनियनच्या कापडासारखी असते. कापड तयार झाल्यावर बारीक तारांच्या ब्रशांनी त्याचे धागे उपसून लव काढतात आणि मग ती लव एकसारखी कातरतात. मेंढीचा संबंध नावापुरताच उरला आहे.

हा आग्रह केवळ शब्दशुद्धीसाठी नाही. कृतीतला शब्द वाचून माणूस कापड विकत घेतो, धुतो, त्यावर इस्त्री फिरवतो, आणि या प्रत्येक बाबतीत लोकर व फ्लीस यांचे वागणे वेगळे आहे. लोकर गरम पाण्यात चोळली की आटते व घट्ट होते. फ्लीस आटत नाही, उलट त्याला जोडलेले नवे सुती कापडच पहिल्या धुण्यात आटते आणि वरच्या बाजूला सुरकुत्या पडतात. म्हणून कृतीत ‘सुती तुकडे कापण्यापूर्वी कापड धुवून वाळवून घ्यावे’ हे वाक्य अत्यावश्यक आहे. ज्याच्या डोक्यात ‘लोकरी अस्तर’ बसले आहे तो नेमकी उलटी काळजी घेईल. तीच गोष्ट इस्त्रीची. सुती कापडासाठीची कडक गरम इस्त्री फ्लीसला टेकली की लव चपटी होते, तिथे चकाकी येते आणि तो डाग पुन्हा जात नाही. लोकर घाम शोषून घेते, पॉलिएस्टर जवळजवळ शोषतच नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोकर सहजासहजी पेट घेत नाही, तर पॉलिएस्टर आचेने वितळते आणि कातडीला चिकटते. शेकोटीजवळ बसताना जे पांघरूण आपण लोकरीचे समजून अंगावर घेतो ते प्रत्यक्षात कशाचे आहे, हे शब्दातूनच कळले पाहिजे. बाळाच्या दुपट्याबद्दल तर हे दुप्पट खरे आहे.

प्रतिसाद २

वरील सर्व तपशील मान्य करूनही व्यवहारातील एक अडचण नोंदवतो. स्वेटर विणण्यासाठी आपण बाजारातून जी ‘लोकर’ आणतो ती पुष्कळदा अ‍ॅक्रिलिकची असते, आणि तरीही तिला लोकर म्हणताना कोणी अडत नाही. म्हणजे मराठीत या शब्दाने मेंढीची साथ केव्हाच सोडली आहे. मग फ्लीसलाच वेगळा न्याय कशासाठी?

‘लोकर’ नकोच असेल, तर ‘फलालीन’ या शब्दाचा विचार व्हावा. फ्लॅनेलपासून आलेला हा शब्द मराठीत चांगला रुळलेला आहे आणि मऊ, लव काढलेले, उबदार कापड ही कल्पना त्यात आहेच.

प्रतिसाद ३

अ‍ॅक्रिलिकच्या बाबतीत ‘लोकर’ हा शब्द विणायच्या जाड, फुगीर दोऱ्याचे नाव झाला आहे. तो कशाचा आहे यापेक्षा त्याचे काय करायचे आहे हे त्यातून कळते. फ्लीसचा दोरा कोणी विकत आणत नाही. शिवाय एका जागी झालेली सैल वापराची सवय दुसऱ्या जागी ओढून आणावी, याला ते कारण पुरेसे नाही.

‘फलालीन’ मलाही प्रिय आहे, पण याच कामात तो शब्द आपल्याला खऱ्या फलालीनसाठी राखून ठेवावा लागेल. गोधडीच्या पाठीला सुती फलालीन लावण्याची पद्धतही तितकीच रूढ आहे आणि शिवणाऱ्याला या दोहोंतून निवड करायची असते. फलालीन मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले असते, कापल्यावर त्याचे दोरे सुटतात आणि ते धुण्यात चांगलेच आटते. फ्लीस मात्र ताणले जाते, विशेषतः पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, दिशेने, आणि कापलेल्या कडेचे दोरे सुटत नाहीत. पन्ह्यातही फरक आहे. फ्लीस साधारण ५८ ते ६० इंच पन्ह्याचे मिळते, तर सुती कापड बहुधा ४४ इंचांच्या आसपास. त्यामुळे एका माणसाच्या पांघरुणाला फ्लीसची पाठ जोड न देता एकसंध निघते, आणि अनेकांच्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

आता ‘अस्तर’. हा शब्द फारसीतून आला, आणि तिकडे त्याची जोडी ‘अबरा’शी आहे: दुपदरी वस्त्राचा वरचा पदर तो अबरा, खालचा किंवा आतला तो अस्तर. म्हणजे रजईच्या खालच्या कापडाला अस्तर म्हणणे मुळाला धरूनच आहे. तरी मराठीत आज अस्तर म्हटले की कोटाच्या किंवा पोलक्याच्या आतले पातळ, न दिसणारे कापड डोळ्यांपुढे येते. ते कडेला शिवलेले असते आणि मध्ये सुटे राहते. गोधडीत असे चालत नाही. वरपासून खालपर्यंत एकच दोरा सगळे पदर बांधतो, आणि पाठीचे कापड अंगाला लागते, म्हणजे वापराच्या दृष्टीने तीच मुख्य बाजू ठरते. कोणाला शिवायला सांगताना नुसते ‘फ्लीसचे अस्तर लावा’ म्हटले, तर चार कडा शिवून, उलटवून मधला भाग मोकळा सोडला जाण्याची शक्यता राहते, आणि ताणले जाणारे फ्लीस काही दिवसांत खाली पिशवीसारखे लोंबू लागते. म्हणून शीर्षकात ‘अस्तर’ असू द्यावे, वाचकाला ते लगेच समजते. कृतीच्या पायऱ्यांमध्ये मात्र ‘पाठीचे कापड’ किंवा नुसते ‘पाठ’ लिहावे आणि ‘सर्व पदरांतून टाके घालावेत’ असे स्वतंत्रपणे सांगावे.

जुनेरांचे थर एकावर एक रचून शिवलेल्या गोधडीत धावदोरा दोन्ही बाजूंना सारखाच दिसतो, आणि तिचे निम्मे सौंदर्य त्या ओळींत आहे. फ्लीसच्या बाजूने टाका लवेत बुडतो. बोट फिरवले तर ओळ हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. हाताने शिवणाऱ्यांनी हे आधीच जाणून दोऱ्याचा रंग केवळ वरच्या बाजूसाठी निवडावा. यंत्रावर शिवताना टाका थोडा लांब ठेवावा आणि फ्लीस ओढू नये, नाहीतर कडा लाटेसारख्या होतात.

प्रतिसाद ४

तिसऱ्या प्रश्नावर थोडे. दुपदरी पांघरुणाला ‘पासोडी’ म्हणावे असे मला प्रथम वाटले होते. जाड्याभरड्या कापडाच्या पांघरुणाचे हे जुने नाव संतकवी दासोपंतांच्या पासोडीमुळे अजून आपल्या कानांवर आहे. अंबाजोगाईची ती सुमारे ४० फूट लांबीची पासोडी ग्रंथ लिहिलेले वस्त्र म्हणून प्रसिद्ध आहे, आणि त्यामुळेच आजच्या वाचकाला ‘पासोडी’ म्हटल्यावर पांघरूण आठवत नाही, पोथी आठवते. शिवण्याची रीत, तुकड्यांची जोडणी आणि सर्व पदरांतून जाणारा टाका पाहता ‘गोधडी’ हेच नाव योग्य आहे. भरणा असणे ही रजईची अट आहे, गोधडीची कधीच नव्हती. तिच्या पोटात जुनी कापडेच असत. ‘वाकळ’ म्हणणाऱ्या भागातील वाचकांसाठी एकदा ‘गोधडी किंवा वाकळ’ असे लिहावे.

विचारणा करणाऱ्याकडून

मनापासून आभार. कृतीत ‘लोकर’ येणार नाही आणि पायऱ्यांमध्ये ‘पाठ’ हाच शब्द राहील. आता लिंगाचा प्रश्न उरतो, कारण आमच्यात ‘तो फ्लीस’, ‘ती फ्लीस’ आणि ‘ते फ्लीस’ असे तिन्ही प्रयोग ऐकू येतात.

प्रतिसाद ३

‘ते फ्लीस’. मनात ‘कापड’ हा शब्द गृहीत असतो, म्हणून नपुंसकलिंग स्वाभाविक वाटते. अनेकवचनाची गरज पडली, तर ‘फ्लीसचे दोन तुकडे’ असे लिहावे.