राष्ट्राने केलेले युद्ध कायदेशीर होते का, हे आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरवावे का?

प्रश्न : विधी शाखेची विद्यार्थिनी, कोथरूड
माझे आजोबा १९५५ मध्ये पुण्याहून गोव्यास गेलेल्या सत्याग्रहींच्या एका तुकडीत होते. पोर्तुगीज शिपायाने बंदुकीच्या दस्त्याने केलेल्या माराचा वण त्यांच्या उजव्या खांद्यावर अखेरपर्यंत होता आणि उन्हाळ्यात ते उघड्या अंगाने ओसरीवर बसत तेव्हा आम्हा नातवंडांना तो दिसे. त्यामुळे १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले ते योग्यच झाले, याबद्दल आमच्या घरात कधी दुमत नव्हते. अभ्यास करताना मात्र वाचनात आले की युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागणाऱ्या ठरावाला सुरक्षा परिषदेत ११ पैकी ७ मते मिळाली होती व केवळ सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे तो बारगळला. मग इराकवरील २००३ च्या हल्ल्याला आपण बेकायदा म्हणतो ते कोणत्या आधारावर? हा निवाडा करण्याचा अधिकार बाहेरच्या संस्थेला असावा का?

उत्तर : निवृत्त लष्करी अधिकारी, वानवडी
माझ्या मते नसावा. १९७१ मध्ये मी पूर्व सीमेवर होतो. कोलकात्याजवळ सिमेंटच्या मोठ्या नळ्यांमध्ये संसार मांडलेली निर्वासित कुटुंबे मी पाहिली आहेत. एका नळीच्या तोंडाशी पोत्याचा पडदा होता आणि आत एक बाई तापाने फणफणलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. असे सुमारे १ कोटी लोक आपल्याकडे आले होते. तरीही ७ डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्धबंदीचा ठराव केला. तो ऐकून आम्ही थांबलो असतो, तर त्या बाईला घरी परत जाता आले नसते.

उत्तर : वकील, शिवाजीनगर
आपल्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, परंतु आपण आणि प्रश्नकर्तीने दिलेली दोन्ही उदाहरणे मतदानाची आहेत, न्यायनिवाड्याची नाहीत. सुरक्षा परिषदेत आणि आमसभेत सरकारे आपापले हितसंबंध पाहून हात वर करतात. न्यायालयाला पुरावा तपासून कारणे द्यावी लागतात. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाल्यावर पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये निकाल लागला : नागरिक, मुलकी अधिकारी व माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मान्य झाला, सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रे नेण्याचा हक्क नाकारला गेला आणि भारताने आपल्या बंधनांचा भंग केलेला नाही असे ठरले. वसाहतवाल्यांच्या त्या काळातही तेथे आपले म्हणणे ऐकले गेले, हे विसरता कामा नये.

असे असूनही या न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या १९७४ च्या घोषणापत्रात आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या घोषणापत्रातही आपण सशस्त्र संघर्ष व स्वसंरक्षणाशी संबंधित वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. कुलभूषण जाधव यांच्यासाठी आपण हेगला गेलो, २०१९ चा निकाल आनंदाने स्वीकारला, आणि युद्धाचा विषय निघाला की मात्र दार लावून घेतो. मला हे पटत नाही.

उत्तर : निवृत्त लष्करी अधिकारी, वानवडी
अमेरिकेच्या लष्करी हस्तक्षेपाविरुद्ध निकारागुआने याच न्यायालयात भरलेल्या खटल्याचे काय? १९८६ मध्ये निकाल अमेरिकेविरुद्ध गेला आणि अमेरिकेने तो सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरून गुंडाळून ठेवला. शिवाय बंडखोरांना नुसती शस्त्रे पुरवणे म्हणजे सशस्त्र हल्ला नव्हे, असे त्याच निकालात म्हटले आहे. सीमेपलीकडून शस्त्रे घेऊन आलेल्यांच्या गोळ्यांनी आमची माणसे गेली आहेत. ही कसोटी आम्ही कशी मान्य करावी?

उत्तर : वकील, शिवाजीनगर
ही हरकत खरोखर वजनदार आहे, आणि ती कसोटी अपुरी आहे असे मलाही वाटते. तो निकाल लागला तेव्हा न्यायालयाचे अध्यक्ष आपले नगेंद्र सिंह होते, हेही येथे नोंदवतो. पण कसोटी बदलायची तर ज्या देशाने ही झळ सोसली आहे त्यानेच न्यायपीठापुढे पुरावा मांडून युक्तिवाद केला पाहिजे. बाहेर राहिलो तर नियम इतरांच्या खटल्यांतून घडत राहतील आणि उद्या आपल्यालाच लावले जातील. अंमलबजावणी दुबळी आहे, हे मान्य. तरीही मार्च २०२२ मध्ये रशियाला युक्रेनमधील लष्करी कारवाई थांबवण्याचा या न्यायालयाचा आदेश १३ विरुद्ध २ मतांनी निघाला, तेव्हा आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी त्या १३ जणांत होते. दिल्लीने मात्र संयुक्त राष्ट्रांत तटस्थ राहणे पसंत केले होते. न्यायाधीश आणि सरकारी प्रतिनिधी यांत मी जो फरक करतो आहे, तो हाच.

प्रश्नकर्ती
दादरा-नगर हवेलीचा निकाल मी आज मुळातून वाचायला घेतला आहे. गोव्याचा प्रश्नही त्याच न्यायालयापुढे गेला असता तर आजोबांच्या खांद्यावरचा तो वण पुरावा म्हणून दाखवता आला असता का, हा विचार मनातून जात नाही. काका, आपण त्या नळीतल्या बाईबद्दल जे लिहिले आहे, ते साक्ष म्हणून सविस्तर लिहून ठेवावे, अशी माझी आपल्याला विनंती आहे.