ओके म्हणजे 'झिरो किल्ड' हे खरंय का?

रानमांजर:
फॅमिली ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड टाकलाय की अमेरिकेच्या यादवी युद्धात संध्याकाळी बोर्डावर ओके लिहायचे, म्हणजे आज एकही मेला नाही, झिरो किल्ड, आणि खाली 'मुलांना जरूर सांगा'. सांगितलं, तर पोरगा म्हणतो मग तो ओ आहे का शून्य? कोणाला नक्की माहितीये का

टाकाऊ_टिकाऊ:
ते युद्ध १८६१ चं, आणि ओके त्याच्या २२ वर्षं आधी छापून आलंय :) २३ मार्च १८३९, बॉस्टन मॉर्निंग पोस्ट. तेव्हा तिकडच्या पेपरवाल्यांना मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायची खोड लागली होती, ऑल करेक्टचं 'ओल कोरेक्ट' केलं म्हणून ओ.के. आपण 'जे१ झालं का' लिहितो ना, तसला पाचकळपणा. ऑल राइटचं ओ.डब्ल्यू. पण होतं, ते कुठे गेलं देव जाणे.

मिसळपाव_विदाउट_पाव:
पण ओकेच का टिकलं ते सांगा की. १८४० च्या निवडणुकीत तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन परत उभे होते, गाव किंडरहूक म्हणून टोपणनाव ओल्ड किंडरहूक, आणि समर्थकांनी ओ.के. क्लबच काढला. विरोधकांनी उठवलं की आधीचे अध्यक्ष जॅक्सन यांना स्पेलिंगच येत नाही, तेच कागदांवर ओ.के. लिहायचे. थोडक्यात फॉरवर्ड तेव्हापासून आहेत. ब्युरेन पडले पण प्रचारात शब्द सगळीकडे झाला. ॲलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकात जुने पेपर उपसून हे सगळं शोधलं.

चहाटळ:
मला तर ग्रीक 'ओला काला' (सगळं छान) वरून आलं असं सांगितलेलं

टाकाऊ_टिकाऊ:
हो, आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या चोक्टॉ भाषेतून आलं असंही म्हणायचे, अध्यक्ष विल्सन तर त्यासाठी वेगळं स्पेलिंग करायचे. पण छापील पुरावा बॉस्टनचाच.

सुगरण_नाही:
उगम राहूदे, अर्थाचं बोला. नवऱ्याला विचारलं भाजी कशी झालीये, तर 'ओके'. म्हणजे चांगली का खपवून घेतली? नुसतं 'के' आलं तर भांडण, आणि २०२२ नंतर शहाजीबापूंसारखं 'एकदम ओक्के' म्हटलं तरच खरी पावती. ट्रकमागच्या हॉर्न ओके प्लीजमधल्या ओकेचा तर अर्थच लागत नाही, २०१५ ला आपल्याकडे त्यावर बंदी आली तरी अजून दिसतंय.

रानमांजर:
पोराला बॉस्टनचं सांगितलं. आता विचारतोय मग मी स्पेलिंग चुकवलं की मार्क का कापतात