रंगाआधी कागद

विकण्यापूर्वी वडिलांच्या फ्लॅटला रंग द्यावा आणि स्वयंपाकघर नवे करावे का, असा आपला प्रश्न आहे. ओल थांबवणे, गळके नळ बदलणे आणि अडगळ काढणे एवढे जरूर करावे. मात्र नवे मॉड्युलर किचन बसवण्याच्या मी विरोधात आहे, कारण घेणारा ते बहुधा आपल्या आवडीने पुन्हा तोडतोच.

खरी तयारी कागदांची आहे. भागपत्रावर (गृहनिर्माण संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटवर) अजून वडिलांचेच नाव असेल आणि आपण केवळ नामनिर्देशित (नॉमिनी) असाल, तर त्यामुळे आपण मालक ठरत नाही. इतर वारसांची नोंदणीकृत हक्कसोडपत्रे (आपला हिस्सा सोडल्याचे दस्त) झाल्याशिवाय, किंवा सर्व वारस विक्रीकरारावर सह्या करणार असल्याशिवाय, घेणाऱ्याची बँक कर्ज मंजूर करण्यास सहसा तयार होत नाही. त्यातील एखादा भाऊ परदेशी असेल (हल्ली कोणत्या घरात नसतो?), तर त्याच्या हिश्श्यावरील करकपात (टीडीएस) निवासी, म्हणजे भारतात राहणाऱ्या, विक्रेत्याच्या १ टक्क्यापेक्षा बरीच जास्त असते, म्हणून कमी कपातीचे प्रमाणपत्र त्याने प्राप्तिकर खात्याकडून आधीच मिळवावे.

आणखी एक. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार (संस्थांसाठीच्या नमुना नियमांनुसार) गृहनिर्माण संस्थेला महापालिका हद्दीत २५,००० रुपयांपेक्षा अधिक हस्तांतरण अधिमूल्य (फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना संस्था घेते ती रक्कम) घेता येत नाही. ‘ऐच्छिक देणगी’च्या नावाखाली आमच्याकडे जास्त रक्कम मागितली गेली, लेखी मागणीपत्र द्या, असे नम्रपणे म्हणताच तो विषय तिथेच थांबला.