स्टेलारिस : दर खेळात २२५० च्या आसपास शेजारी गिळून टाकतो. माझं नेमकं कुठे चुकतंय?

नवखा_सम्राट

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपासून स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम खेळतोय. तीनदा साम्राज्य उभारलं आणि तिन्ही वेळा साधारण त्याच सुमारास हातातून गेलं. डिफिकल्टी एन्साइन. शेवटच्या खेळाचे आकडे देतो, म्हणजे अंदाजपंचे बोलायला नको.

साल २२५१. सिस्टिम (तारा आणि त्याचे ग्रह मिळून एक) ३१, ग्रह ७ (मूळ ग्रह धरून). मिनरल्स महिन्याला +५२, साठा २९००. एनर्जी −४. कंझ्युमर गुड्स +२. अलॉय (जहाजं आणि तळ बांधायचा मिश्रधातू) +९, साठा १४०. फ्लीटमध्ये १६ कॉर्व्हेट (सर्वांत लहान लढाऊ जहाजं), सगळ्यांवर लेझर. एम्पायर साइझ (साम्राज्याच्या पसाऱ्याचा आकडा) १०० च्या बरीच वर गेली आहे.

दक्षिणेला एक मिलिटरिस्ट शेजारी आहे. त्याच्या हद्दीतून माझ्याकडे तीन हायपरलेन येतात (ताऱ्यांमधल्या ठरलेल्या वाटा). त्याने युद्ध पुकारलं आणि चाळीसेक जहाजं घेऊन आला. माझा फ्लीट पहिल्याच लढाईत संपला. पुढे युद्ध 'स्टेटस को'वर, म्हणजे जैसे थे तहावर, थांबलं तेव्हा सहा सिस्टिम आणि एक ग्रह त्याच्याकडे गेला होता. नकाशावर माझा रंग त्याच्यापेक्षा मोठा दिसत होता, तरी असं का झालं?

---

ध्रुवमत्स्य

आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्यांच्यातच आहे. २९०० मिनरल्स नुसते पडून आहेत आणि अलॉय महिन्याला ९. युद्ध सुरू व्हायच्या आधीच तुम्ही ते हरला होतात.

एक हिशेब मांडून बघू. प्रत्येक आउटपोस्टला (नवी सिस्टिम ताब्यात घेणाऱ्या तळाला) १०० अलॉय लागतात. ३१ सिस्टिममधली एक जन्मापासूनची, म्हणजे ३० आउटपोस्ट, ३००० अलॉय. कॉलनी शिपला २०० अलॉय (शिवाय अन्न आणि कंझ्युमर गुड्स), सहा कॉलन्यांचे १२००. एकूण ४२००. २२०० ते २२५१ म्हणजे ६१२ महिने. दर महिन्याला सरासरी जवळजवळ सात अलॉय तुम्ही नकाशा रंगवण्यात घातलेत. नऊच्या कमाईतले सात! सोळा कॉर्व्हेट तरी कुठून आल्या याचंच मला कौतुक वाटतं.

एन्साइन या पातळीवर एआयला (कॉम्प्युटर चालवतो त्या साम्राज्यांना) कमाईचा कसलाही बोनस नसतो. तो शेजारी तुमच्याच नियमांनी खेळत होता. त्याने मिनरल्स भट्टीत घालून अलॉय केले, तुम्ही साठवून ठेवले, एवढाच फरक.

त्यामुळे पहिलं काम भट्टीचं. मेटलर्जिस्ट ढोबळमानाने दोन मिनरल्सचा एक अलॉय करतो. महिन्याला ५२ मिनरल्स उरत असतील तर त्यातून वीस-पंचवीस अलॉय सहज निघतात. पण त्या भट्ट्या सातही ग्रहांवर थोड्या थोड्या वाटू नका. एक ग्रह निवडा, त्याचं डेझिग्नेशन 'फोर्ज वर्ल्ड' करा आणि तिथे फक्त तेच काम ठेवा. एनर्जीचा ग्रह वेगळा, संशोधनाचा वेगळा. मीही सुरुवातीला प्रत्येक ग्रहावर सगळं थोडं थोडं बांधायचो, कारण ग्रह स्वतःच्या पायावर उभा असावा असं वाटायचं. या खेळात त्याची गरज नाही. वरच्या पट्टीतला साठा अख्ख्या साम्राज्याचा असतो. ४.० आवृत्तीपासून एका ग्रहाची तूट दुसऱ्याकडून भरताना थोडा ट्रेड खर्ची पडतो, तरीही एका ग्रहाला एकच काम देणं परवडतं.

माझ्या खेळात २२३० च्या सुमारास महिन्याला तीस-चाळीस अलॉय आल्याखेरीज मी नवा आउटपोस्ट टाकत नाही. अपवाद फक्त नाक्याच्या जागेचा, म्हणजे जिथून पुढे एकच वाट जाते तिचा.

आता नाक्यांबद्दल, कारण तुमच्या पोस्टमधलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य मला तेच वाटलं : 'तीन हायपरलेन येतात'.

खेळ २०१६ मध्ये आला तेव्हा प्रवासाच्या तीन तऱ्हा होत्या, वॉर्प, वर्महोल आणि हायपरलेन. वॉर्पवाला शत्रू कुठूनही टपकायचा, त्यामुळे सरहद्द या शब्दाला फारसा अर्थच नव्हता. २०१८ च्या २.० आवृत्तीत सगळ्यांना हायपरलेनवर आणलं. त्या वेळी बरेच जण नाराज झाले होते. मला मात्र तो बदल मनापासून आवडला, कारण तेव्हापासून आकाशगंगेला घाट आणि खिंडी आल्या. डोंगरी मुलखात घाट ज्याच्या ताब्यात त्याचा मुलूख, तसंच इथेही.

खेळ सुरू झाला की मी पहिली दहा वर्षं सायन्स शिपना जवळचं सर्वेक्षण पूर्ण करायला न लावता चारी दिशांना लांब लांब पाठवतो. मिनरल्स कुठे आहेत हे नंतरही कळेल, कुठल्या सिस्टिममधून पुढे एकच वाट जाते हे आधी कळायला हवं. अशा दोन-तीन जागा सापडल्या की इन्फ्लुअन्स (आउटपोस्ट आणि करारांसाठी खर्ची पडणारं राजकीय वजन) पहिल्यांदा तिथपर्यंत पोचण्यात घालतो. मधल्या सिस्टिम कितीही श्रीमंत असल्या तरी सोडतो. नाके आपल्या हातात आणि बॉर्डर्स बंद असल्या की मागचा मुलूख दुसरा कोण घेणार? तो वीस वर्षांनी निवांत भरता येतो. तुम्ही आधी आतलं सगळं भरलंत, आणि नाक्यावर पोचलात तोवर तिथे शेजारी बसलेला होता. तीन लेन उघड्या राहिल्या त्या अशा.

नाक्यावरच्या आउटपोस्टचा स्टारपोर्ट (मोठा तळ) करा, जमेल तेव्हा त्याहून मोठा स्टार फोर्ट्रेस. तिथे शिपयार्ड ठेवू नका. शिपयार्ड आणि नेव्हल कपॅसिटी वाढवणारे अँकरेज आतल्या स्टारबेसवर. नाक्यावर गन बॅटरी किंवा हँगर, आणि भोवती डिफेन्स प्लॅटफॉर्म. एफटीएल इनहिबिटरचं तंत्रज्ञान समोर आलं की मागेपुढे न पाहता घ्या. त्यानंतर शत्रू त्या सिस्टिममध्ये शिरला, तर स्टारबेस पाडल्याशिवाय पुढे सरकू शकत नाही, फक्त आल्या वाटेने परत जाऊ शकतो. एकटा स्टारबेस चाळीस जहाजांना हरवणार नाही. पण तुमचा फ्लीट पोचेपर्यंतचा वेळ तो मिळवून देतो, आणि मग लढाई त्याच्या तोफांच्या साथीने होते.

सगळ्या कॉर्व्हेटवर लेझर हीसुद्धा चूकच. लेझर आर्मर चिरतो, शील्डपुढे कमी पडतो. मास ड्रायव्हरसारख्या कायनेटिक तोफांचं बरोबर उलटं. मिसाइल शील्डला वळसा घालून आत जातात, पण समोर पॉइंट डिफेन्स असेल तर वाटेतच पडतात. शेजाऱ्याकडे काय आहे ते पहिल्या चकमकीच्या रिपोर्टमध्ये दिसतं. तो वाचल्याशिवाय पुढचं जहाज बांधू नका. समोरचं काहीच माहीत नसेल तर निम्मे लेझर, निम्म्या कायनेटिक.

आणि पहिली लढाई हातची जातेय असं दिसलं की 'इमर्जन्सी एफटीएल'चं (लढाईतून उडी मारून निसटायचं) बटण दाबा. काही जहाजं जातील, उरलेली काही काळ बेपत्ता राहून घरी येतील. सोळातली नऊ परत आली तरी तो फ्लीट असतो. शून्यातून नव्याने उभं राहायला महिन्याला ९ अलॉयवर किती वर्षं लागतील, तुम्हीच मोजा.

---

शर्मिष्ठा_तारका

ध्रुवमत्स्य, नाक्यांचं पटलं. पण मी सुरुवात एन्व्हॉयपासून, म्हणजे राजदूतांपासून केली असती. सम्राट, तुमच्या आकड्यांत एन्व्हॉय कुठे नेमले होते ते दिसत नाही. बहुतेक रिकामे बसले असावेत.

एआय समोरच्याची ताकद मोजूनच चढाई करतो. शेजाऱ्याचं डिप्लोमसी पान उघडलं की तिथे तुलना दिसते. तुमच्या फ्लीटपुढे 'पथेटिक' किंवा 'इन्फीरियर' लिहिलेलं असेल तर तुम्ही त्याचं पुढचं सावज. पण तुमचा कुणाशी डिफेन्सिव्ह पॅक्ट असेल, तर लढावं लागतं ते तुम्हा दोघांशी.

मी हे असं करते : मिलिटरिस्ट शेजारी सापडला की त्याच्या पलीकडच्या साम्राज्याशी आधी गट्टी. एक एन्व्हॉय कायम तिथे, संबंध सुधारायला. पहिल्यांदा नॉन-अग्रेशन पॅक्ट, त्याने विश्वास हळूहळू वाढतो, मग डिफेन्सिव्ह पॅक्ट. दोन्हींना दरमहा थोडा इन्फ्लुअन्स लागतो. आउटपोस्ट थांबवलेत की तो उरतोच. गेल्या खेळात माझ्याकडे २२६० पर्यंत फक्त बारा कॉर्व्हेट होत्या आणि कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, कारण शेजाऱ्याच्या पाठीमागे माझा मित्र बसलेला होता.

हे सगळ्यांवर चालत नाही मात्र. फॅनॅटिक प्युरिफायर, डिव्हावरिंग स्वॉर्म किंवा डिटरमिन्ड एक्स्टर्मिनेटर, असा बाकी सगळ्यांना संपवायला निघालेला कुणी भेटला तर बोलणी विसरा, थेट वर सांगितलेली भट्टी आणि नाका.

---

नवखा_सम्राट

दोघांचेही मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

नवा खेळ, आता साल २२४८. सिस्टिम फक्त १९, अलॉय +३८. सायन्स शिप लांब पाठवल्या त्यामुळे २२०९ लाच एक अरुंद वाट सापडली, आणि पुढचा सगळा इन्फ्लुअन्स तिकडे लावला. इतकं मोकळं रान मागे सोडताना जीव तुटत होता, पण ते अजूनही माझ्याचसाठी थांबलंय! पलीकडच्याशी नॉन-अग्रेशन पॅक्टही झाला.

२२४४ ला शेजारी आलाच. स्टारपोर्ट आणि चार डिफेन्स प्लॅटफॉर्म होते, फ्लीट २२ कॉर्व्हेट आणि ३ डिस्ट्रॉयर. जिंकलो, पण प्लॅटफॉर्म सगळे गेले आणि नऊ कॉर्व्हेट. युद्ध अजून चालू आहे. दोन प्रश्न आहेत. फ्लीट नाक्यावरच उभा ठेवायचा की मागे? आणि माझं वॉर एक्झॉस्शन (युद्धाचा थकवा) ७१ वर गेलंय, आता काय करू? दक्षिणेला एक आडवाट आहे, तिथून त्याने दोन सिस्टिम घेतल्यात.

---

ध्रुवमत्स्य

वाचून फार आनंद झाला. १९ सिस्टिमवर +३८ म्हणजे मागच्यापेक्षा चौपट कमाई, आणि तीही तीन वर्षं आधी.

फ्लीट एक उडी मागे ठेवा, स्टान्स पॅसिव्ह. शत्रू स्टारबेसशी गुंतला की मग आत शिरा. नाक्यावरच उभा ठेवलात तर पहिला मारा कॉर्व्हेट खातात, आणि तुमच्या नऊ तशाच गेल्या असणार. उभा ठेवायचा तो क्रू क्वार्टर्स असलेल्या स्टारबेसवर डॉक करून, म्हणजे शांततेच्या काळात देखभालीचा खर्चही कमी होतो.

एक्झॉस्शनचं आता नीट ऐका. ते १०० ला पोचल्यावर दोन वर्षांची मुदत मिळते, त्यानंतर समोरचा तुमच्यावर स्टेटस को लादू शकतो. त्या क्षणी त्याच्या ताब्यात असलेल्या आणि त्याने क्लेम केलेल्या (हक्क नोंदवलेल्या) सिस्टिम त्याच्या होतात. ताब्यात आहेत पण क्लेम नाही, त्या तुम्हाला परत मिळतात. मागच्या खेळात सहा सिस्टिम गेल्या त्या याच कलमाने. म्हणून युद्धाची खिडकी उघडा आणि त्या दोन सिस्टिमपैकी क्लेम कशावर आहे ते बघा. क्लेमवाली आधी सोडवा. दुसरीकडे फ्लीट नेऊन एक्झॉस्शन वाढवू नका. शर्मिष्ठाताईंचा मुद्दाही आता उपयोगी पडेल. युद्ध संपताच पॅक्ट वरच्या पायरीवर न्या.

पुढचं थोडक्यात. २३०० च्या पुढे कधीतरी मरॉडर्स या लुटारू टोळ्यांमधून ग्रेट खान उठू शकतो. त्याच्या वाटेत आलात आणि फ्लीट तोकडा असेल तर शरण जाऊन सॅट्रपी (त्याचं मांडलिक) व्हा, त्यात कमीपणा नाही. खान मेला की टोळी बहुतेक फुटते. २४०० नंतरच्या मोठ्या संकटासाठी (प्रेथोरिन, अनबिडनसारख्या शत्रूंसाठी) तोफा आत्तापासून ठरवू नका, कोण येतं ते बघून बदला. प्रेथोरिनकडे शील्ड नसते, आर्मर आणि हल असतं, तिथे लेझर जातीचं लागतं आणि पॉइंट डिफेन्स भरपूर. अनबिडनचं सगळं शील्डवर, तिथे कायनेटिक.

पण ते दीडशे वर्षं लांब आहे. प्लॅटफॉर्म परत बांधायच्या आधी त्या दक्षिणेच्या आडवाटेवर एक स्टारपोर्ट उभा करा. प्लॅटफॉर्मपेक्षा तो जास्त तातडीचा आहे. आणि लढाईचा रिपोर्ट इथे टाका, त्याच्या जहाजांवर शील्ड किती आणि आर्मर किती ते बघून डिस्ट्रॉयरचं डिझाइन सांगतो.